‘तुह्या अंगातच नाही’ : स्कुटी, जाऊ आणि सोनूचे बाबा

या वेळेसचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं. जसंच्या तसं टाकतो, फक्त गावाचं नाव काढलं. बाहेरच्या वाचकांसाठी, पोड म्हणजे कोलामांची लहान वस्ती, पांदण म्हणजे वावराकडं जाणारा कच्चा रस्ता, आणि बंडी म्हणजे बैलगाडी.

“नमस्कार सर, मी आशा वर्कर आहो, वय 41, घाटंजी तालुका. माह्याकडं गाव आन् दोन पोडं आहेत, एक पोड साडेचार किलोमीटर आहे, उन्हाळ्यात पायी जाऊन येऊन जीव जाते. दिवाळीत जुनी स्कुटी घेतली. सोनूचे बाबा दर रविवारी वावराच्या पांदणीवर शिकवतात, तीन तीन तास. दोन डाव पडली, एक डाव तं उभ्या बंडीवर जाऊन आदळली. माही जाऊ चार दिवसात शिकली, आता बाजाराले एकटी जाते. हे म्हणतात का तुह्या अंगातच नाही, विकून टाकू. सर मी मशीनवर ब्लाऊज शिवतो, कापूस वेचतो तं बाया म्हणतात हात आहे का यंत्र. मंग हेच काहून नाही जमत? खरंच काही लोकायच्या अंगात नसते का? का वय झालं माह्यं?”

ताई, नमस्कार.

पत्र वाचल्यावर मी तुम्हाला दोनच गोष्टी उलट विचारल्या होत्या, लहानपणी सायकल चालवली का, आणि जावेनं चालवली का. तुमचं उत्तर आलं, “नाही सर, आमच्या बाबानं सायकलले हातच लावू नाही देला”, आणि जावेला मात्र आठवीत मानव विकासची, म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोरींना सरकार देते ती सायकल भेटली होती, शाळा चार किलोमीटर, बारावीपर्यंत रोज जाणं-येणं. आता तुम्हीच हिशोब करा. जाऊ चार दिवसात शिकली म्हणता, ती पाच वर्षं आणि चार दिवसात शिकली. तिला स्कुटीवर नवीन काय शिकायचं होतं तर रेस आणि ब्रेक, बस. तोल तिच्याकडं आधीच होता. तुम्ही तोल, रेस, ब्रेक, रस्ता आणि नवऱ्याचा आवाज अशा पाच गोष्टी एकदम शिकून राहिल्या.

मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, बीपीएडला, म्हणजे पीटी मास्तरच्या पदवीला, आम्हाला हा विषयच होता, माणूस हालचाल कशी शिकतो म्हणून, तेव्हा पास होण्यापुरता वाचला, खरा समजला तो पोट्ट्यांना शिकवताना, आणि खरं सांगायचं तर चुका करून करून. तेव्हा जरा पाल्हाळ लावतो, तुम्ही पोडावर चालत जाता जाता वाचा.

आपल्याकडं ‘अंगात असणं’ आणि ‘हात बसणं’ असे दोन शब्दप्रयोग आहेत आणि लोक दोन्ही एकाच अर्थानं वापरतात. ते एक नाही. अंगात असते ती क्षमता, म्हणजे काही दिसलं की किती लवकर प्रतिक्रिया देता, बोटं किती चपळ, हात किती स्थिर राहते, दोन्ही हात दोन्ही पाय एकाच वेळी वेगवेगळं काम करतात का, चालत्या वस्तूच्या वेगाशी आपला वेग जुळवता येतो का. हे बरंचसं जन्मासोबत येते आणि फारसं बदलत नाही. हात बसतो ते कौशल्य, ते त्या क्षमतांच्या भांडवलावर सरावानं कमवावं लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हवाई दलाला प्रश्न होता की पायलट म्हणून कोणाला निवडायचं, त्या कामात एडविन फ्लाइशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात शेकडो जवानांना तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांवर बसवून या क्षमता एकेक करून वेगळ्या काढल्या. आणि त्यांची संख्या एक नाही निघाली, पुष्कळ निघाली, आणि एकीचा दुसरीशी फार संबंध नाही. त्याच सुमारास बर्कलेचे प्राध्यापक फ्रँकलिन हेन्री हेच म्हणत होते, की ‘सगळ्याच हालचालीत हुशार’ असा माणूस आपल्याला वाटतो तेवढा नसतोच, एका कामात पटाईत असलेला दुसऱ्या कामात ठोंब्या निघू शकतो.

म्हणून तुमचा तो प्रश्न, कापूस वेचायला हात यंत्र आणि स्कुटीवर काहून नाही, त्याचं उत्तर साधं आहे. बोंडातून एका झटक्यात कापूस ओढायचा, कवडी आणि काडीकचरा मागं ठेवायचा आणि ओटीत टाकेपर्यंत दुसऱ्या हातानं पुढचं बोंड धरायचं, हे बोटांचं आणि डोळ्यांचं काम आहे. तोलाचा त्यात संबंध किती? पऱ्हाटी काही तुम्हाला घेऊन पळत नाही.

पण फ्लाइशमनची खरी कामाची गोष्ट पुढंच आहे, आणि ती मला माहीत असती तर एका पोरीचं नुकसान झालं नसतं. त्यानं पाहिलं की नवीन काम शिकताना पहिल्या दिवशी जे लोक पुढं असतात ते एका कारणानं पुढं असतात, सांगितलेलं लवकर समजणं, डोळ्यापुढं चित्र उभं करता येणं, अशा सामान्य गोष्टींमुळं. सराव वाढत गेला की या गोष्टींचं महत्त्व कमी होत जाते आणि हालचालीचा वेग, आणि त्या एकाच कामाची म्हणून जी खास पकड असते, ती वर येते. म्हणजे पहिल्या आठवड्याचा नंबर आणि सहाव्या महिन्याचा नंबर सारखा राहील याची गॅरंटी नाही.

आणि मी काय करायचो? जुलैत एक दिवस मैदानावर पोरी उभ्या करायच्या, खो-खो खेळवायचा, आणि संध्याकाळपर्यंत टीम फायनल. अशी एक सहावीतली पोरगी मी पहिल्याच दिवशी बाजूला काढली, उठताना चुकायची, दिशा घेतली की गोंधळायची, मी म्हटलं हिच्या अंगात नाही. हाच शब्द बरं का, सोनूच्या बाबांचा. दोन वर्षांनी तिच्या बापाची मजुरी दुसरीकडं लागली, पोरगी दुसऱ्या शाळेत गेली आणि तालुक्याला आमच्याच विरुद्ध उतरली, आमच्या तीन पोरी एकटीनं बाद केल्या, एक तर खांबावर अशी झेप घेऊन की मी शिट्टी तोंडात धरून उभा. मॅच झाल्यावर येऊन पाया पडली. मला अजून आठवलं की कसंतरी होते.

अंगात असण्याला काही अर्थच नाही असंही मी म्हणणार नाही, तसं म्हणणारे लोक खोटं बोलतात. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांबावरचे खेळाडू पाहा, तेच मंडळ ज्यांच्या पथकानं 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळेस तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते, तिथली टॉपची पोरं आणि माझ्या शाळेतली पोरं यांच्यात नुसत्या सरावाचा फरक नाही, शरीर पण वेगळं असते. पण ताई, तुम्हाला मल्लखांब नाही करायचा. तुम्हाला साडेचार किलोमीटर पोडावर जाऊन लसीकरणाची यादी घेऊन परत यायचं आहे, तेवढं अंगात जवळपास सगळ्यांच्या असते.

आता तोलाचं. सोनूच्या बाबांना आज रात्री जेवताना एक प्रश्न विचारा, गाडी डावीकडं पडायला लागली तर तुम्ही हँडल कोणीकडं वळवता? बहुतेक ते म्हणतील उजवीकडं. चूक. डावीकडं पडायला लागली तर हँडल थोडं डावीकडंच जाते, म्हणजे चाकं पडणाऱ्या अंगाखाली येतात आणि गाडी उभी राहते. ते वीस वर्षांपासून रोज हेच करून राहिले आणि त्यांना माहीत नाही. त्यांची चूक नाही, हाताला जे येते ते तोंडाला सांगता येईलच असं नसते, डोक्यात ती दोन वेगळी खाती आहेत. याचा पुरावा म्हणून एक माणूस फार प्रसिद्ध आहे, हेन्री मोलेसन, 1953 साली फिट्सवर इलाज म्हणून त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर नवीन काहीच त्याच्या आठवणीत राहीना. ब्रेंडा मिलनर नावाच्या संशोधक बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या रेषेवरून पेन्सिल फिरवायला लावली, हे भल्लं अवघड असते, हात उलटाच जाते. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला, आणि तिसऱ्या दिवशीही तो म्हणे हे मी पहिल्यांदाच करून राहिलो. हाताला आठवत होतं, त्याला नाही. तर सोनूचे बाबा तुमच्या कानात जे ओतून राहिले ते हातात उतरायचा रस्ताच तिथून नाही.

आणि ते ओतून काय राहिले असतील ते मला इथं बसून ऐकू येते. “हळू! हळू चालव!” बरोबर? दोन चाकी गाडीला हळू चालवणं हेच सगळ्यात कठीण असते. वेग थोडा असला की हँडलच्या बारीक हालचालीनं ती सावरते, एकदम हळू असली की हँडल खूप वळवावं लागते, मग ती वळवळते, मग तुम्ही घाबरता, घाबरलं की मूठ आवळते, आणि उजव्या मुठीत काय असते तर रेस! म्हणून गाडी पडायच्या आधी एकदम पळते. तुम्ही बंडीवर गेल्या त्याचं कारण वेगळं आहे, तुम्ही बंडीकडं पाहत होत्या. डोळे जिकडं तिकडं गाडी, पुढच्या वेळेस बंडीच्या बाजूला जी मोकळी जागा आहे तिकडं पाहा.

अंग आवळून धरण्याबद्दल पण एक सांगतो. निकोलाय बर्नस्टाइन नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ होता, त्यानं 1920 च्या दशकात मॉस्कोला छन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचं चित्रीकरण करून पाहिलं तर अनुभवी माणसाचा हातोडा दर वेळेस बरोबर जागेवर पडते, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळेस थोडं थोडं वेगळं हलते, एकानं चुकवलं तर दुसरं सांभाळून घेते. आपल्या गावचा लोहार पाहा, तेच दिसेल. नवशिक्याला एवढे सांधे एकदम सांभाळता येत नाही म्हणून तो सगळे आवळून टाकतो, अंग आखडल्यासारखा. पहिले काही दिवस तुमचे कोपर ताठ राहतील, राहू द्या, पण मधे मधे गाडी थांबवून खांदे झटका.

आता सोनूच्या बाबांसाठी, त्यांना वाचून दाखवा. दादा, तुमची कळकळ मला समजते, रविवारची सुट्टी तुम्ही बायकोला देता, गावात किती जण देतात? पण तीन तास एकदम, हे बंद करा. इंग्लंडात पोस्टमन लोकांना टायपिंग शिकवायचं होतं तेव्हा ॲलन बॅडली आणि लाँगमन या दोघांनी त्यांचे गट पाडले, कोणी रोज एक तास, कोणी रोज दोन तास, कोणी दोन दोन तास दोनदा म्हणजे चार. 1978 ला ते छापून आलं. रोज एकच तास करणाऱ्यांना शिकायला सगळ्यात कमी तास लागले. दिवस जास्त लागले हे खरं. आणि गंमत म्हणजे तोच गट सगळ्यात नाराज होता, त्यांना वाटे बाकीचे पुढं गेले, आम्ही मागं पडलो. ताईंना पण तसंच वाटेल, वाटू द्या. तीन तासांतले शेवटचे दोन तास माणूस थकून चुका पक्क्या करत असते, तेच तीन तास आठवड्याभरात वाटले तर रोज पंचवीस मिनिटं येतात. सकाळी स्वयंपाकाच्या आधी किंवा ढोरं घरी आल्यावर.

दुसरं, दर वेळेस बोलू नका. याच्यावर कॅरोली विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांचा 1990 चा प्रयोग आहे, एका गटाला दर खेपेला सांगितलं किती चुकलं, दुसऱ्याला अर्ध्याच खेपेला. नंतर काहीच न सांगता परीक्षा घेतली तर अर्ध्यावालेच बरे निघाले. कारण सतत कोणी सांगणारा असला की आपण आपल्या अंगाला विचारत नाही, सांगणाऱ्यावर टेकून राहतो, आणि पोडाच्या रस्त्यावर तुम्ही मागं बसून थोडीच जाणार आहात? ताईंनी विचारल्यावर सांगा. तोपर्यंत लिंबाखाली बसून तंबाखू... बरं तंबाखू नको, आशाताईच्या घरात तरी नको.

ताई, करायचं काय ते आता. आधी स्कुटी राहू द्या गोठ्यात. गावात कोणाच्या तरी घरी मानव विकासची एखादी सायकल गंजत पडलेली असेलच, ती मागून आणा, सीट एवढी खाली करा की दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजे, आणि दोन्ही पायडल काढून टाका. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हं, नाहीतर सोनूचे बाबा पान्ह्यावर उभे राहून घट्ट करत बसतील आणि सायकलला शिव्या देतील. मग बसून पायानं जमीन मागं लोटत जा, लहान लेकरं बिनपायडलच्या गाडीवर करतात तसं. लोक हसतील, पहिल्या दिवशी हसतील, तिसऱ्या दिवशी त्यांना काम असते. पायानं लोटता लोटता पाय उचलून ठेवता येतात का पाहा, दोन सेकंद, चार सेकंद, दहा सेकंद. शाळेच्या मैदानाचा तो थोडा उतार असतो न, तिथं सोपं जाते. नजर समोरच्या झाडाच्या बुंध्यावर, चाकाकडं एकदाही नाही. आपल्या हातपायाकडं लक्ष देण्यापेक्षा जिथं जायचं तिकडं लक्ष दिलं की तोल जास्त चांगला राहतो, हे पण तपासून पाहिलेलं आहे, पण ते तुम्हाला दोन दिवसांत स्वतःच कळेल. उताराच्या खालपर्यंत पाय न टेकवता आल्या, डावीकडं उजवीकडं वळून आल्या, की सायकल परत देऊन द्या.

मग स्कुटी. पहिले दोन दिवस इंजिन बंद, तसंच पायानं लोटत, कारण तिचं वजन शंभर किलोच्या आसपास असते आणि ते वजन अंगाला माहीत व्हायला पाहिजे. ब्रेकवर बोटं ठेवायची सवय इथंच लावा. मग इंजिन चालू, आणि रेस शिकायच्या आधी थांबणं शिका, दहा हात जा, थांबा, दहा हात जा, थांबा, थांबताना रेस सोडायची आणि दोन्ही ब्रेक सोबत, हळू दाबायचे. हे इतक्या वेळा करा की घाबरल्यावर मूठ आवळायच्या ऐवजी बोटं ब्रेकवर जातील. त्यानंतर मैदान रोज थोडं बदला, एक दिवस पांदण, एक दिवस डांबरी, कधी मागं वीस किलो तांदळाचा कट्टा बांधून. एकाच पट्ट्यात शंभर वेळा चालवून त्या पट्ट्याचीच सवय होते. फक्त पाऊस पडल्यावर काळ्या मातीत नका जाऊ, तिथं माझी पण पडते.

काही दिवस असे येतील की काल जमलं ते आज जमत नाही. तुमच्या शिलाई मशीनचं आठवा. पहिल्यांदा पायटा मारला तेव्हा चाक उलटं फिरून दोरा तुटायचा की नाही? तेव्हा पाय आठवून आठवून मारावा लागे, मग पाय जमला तर कापड वाकडं जाई, आणि आता तुम्ही शेजारणीशी बोलता बोलता बाही लावता, पायाला विचारत पण नाही. पॉल फिट्स आणि मायकल पोस्नर यांनी 1967 ला याच तीन पायऱ्या लिहून ठेवल्या, आधी डोक्यानं करायचं, मग चुका दुरुस्त करत करायचं, मग आपोआप. तुम्ही मशीनवर तिसऱ्या पायरीवर आहात आणि स्कुटीवर पहिल्या, आणि मोजून राहिल्या दोन्ही एकाच टेपनं.

वयाचं विचारलं म्हणून सांगतो, 41 ला प्रतिक्रिया विशीपेक्षा थोडी मंद होते, थोडीच. खरा फरक भीतीचा असतो, पोट्टं पडलं तर धूळ झटकून उठते, तुम्ही पडताना तुमच्या डोळ्यापुढं हाड, दवाखाना, तुमचं काम, सोनूची दहावी सगळं येते. म्हणून ती सायकलची भानगड सांगितली, तिच्यावरून पडायला फार उंची नसते. हेल्मेट मैदानावर पण घाला.

लायसन्सचं, चाळीसच्या वर वय असलं की लर्निंगसाठी डॉक्टरचं फॉर्म 1-ए लागते, तुम्ही पीएचसीत जाताच, डॉक्टरांकडून भरून घ्या. लर्निंग सहा महिने चालते आणि निघाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, त्या आधी नाही. लर्निंग आजच काढायला टाका म्हणजे सायकल, मैदान होईपर्यंत ते दिवस पण निघून जातील.

आणि ते बंडीवर आदळल्याचं पुढच्या चाकाला, हँडलला काही झालं का हे मिस्त्रीला दाखवलं का? पत्रात नाही लिहिलं तुम्ही. हँडल वाकडं राहिलं असेल तर सरळ जाता जाता गाडी एका बाजूला ओढते आणि नवीन माणसाला वाटते आपलंच चुकून राहिलं. आधी ते पाहून घ्या, सायकल मागायला जायच्या पण आधी.